बुडालेल्या गावाचा ग्रुप

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं दोन-तीन वसाहतींत वाटली गेली. आता ते गाव फक्त मोबाइलात आहे. जुन्या गावाच्या नावाचा ग्रुप, आणि मी त्याचा ॲडमिन, म्हणजे फुकटचा पोलीसपाटील. कोणाची सोयरीक जुळली, कोण वारलं, सगळं तिथंच कळतं. आमच्या जुन्या शेजारच्या काकूला दिसत नाही. तिची सून रोज संध्याकाळी ग्रुपवरचे व्हॉइस मेसेज तिला लावून देई. काकू आवाजावरून माणूस ओळखते. तेवढंच तिचं गाव उरलंय.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईचं, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेचं, बोलणं ग्रुपवर निघालं. काकूच्या सुनेनं साधं विचारलं, "दरसाली तुमच्याच वसाहतीत काहून? एखाद्या साली आमच्याकडे ठेवा, इकडच्या म्हाताऱ्यायले पाहाले भेटन." झालं. एकानं लिहिलं, लग्न होऊन आली तेव्हा गाव बुडालं होतं, हिनं गाव पाहिलं तरी काय? दुसऱ्यानं शोध लावला की हिला मंडईच बंद पाडायची आहे. तिसऱ्यानं तिचं माहेर काढलं. अरे, बाई विचारते काय आणि तुम्ही सांगता काय! मंडई कुठं भरवायची, याचं उत्तर एकानंही दिलं नाही. मग ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं, त्या पोरानं व्हॉइस मेसेज टाकला, "जिच्या पायाले आपल्या गावची माती नाही लागली, तिनं थोबाड बंद ठेवावं."

मी त्याला फोन केला. म्हणतो कसा, "मले बोलाचा हक्क नाही का?"

"तुले आहे, मंग तिले नाही का?"

त्यानं फोन कापला. माझं डोकं असं फिरलं की त्याला काढूनच टाकणार होतो. पण काढायचं म्हणजे कुठून? धरणानं एकदा काढलंच आहे. आता मीही काढू? माझ्याच्यानं झालं नाही. तेवढ्यात सूनच ग्रुप सोडून गेली.

चार-पाच दिवसांनी काकूकडे गेलो. सून चहा ठेवत होती. काकू म्हणाली, "बाबू, गावात काही झालं का? कोणाचाच आवाज नाही येऊन राहिला."

तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. रेंज नसेल म्हटलं, आणि माझ्या मोबाइलवर एका घरी नातू झाल्याची बातमी शोधून लावली. काकूचा चेहरा फुलला. पण एक मेसेज संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्या पोराचा आवाज खोलीत आला. मी बंद करेपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

काकू हसली. "हा त आपल्या गल्लीतला पोरगा होय. लहानपणी माह्याच घरी जेवे. कोणाले बोलून राहिला बापा एवढा?"

मी मोबाइल खिशात घातला. सुनेनं चहाचा कप काकूच्या हातात दिला, तिची बोटं कपाच्या कानात नीट अडकवली.

"कोणालेच नाही, आई. मंडईचं बोलून राहिला."