मामा चेहरा एकदाच बघतात

माझ्या बायकोच्या मामांना जगातलं एकही माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, आणि याचं त्यांना काडीचंही दुःख नाही. चेहरा म्हणजे त्यांच्या मते नुसतं वेष्टन. माल आत असतो. अंधेरी पूर्वेला फरसाणाच्या दुकानावर त्यांचं सोनोग्राफी सेंटर होतं आणि निम्म्या उपनगराची पोटं त्यांनी आतून पाहिलेली होती. मुलुंडला आमच्याकडच्या एका लग्नात नवऱ्या मुलाची आत्या त्यांच्यासमोर बराच वेळ हसत उभी. मामा ढिम्म. शेवटी ती बिचारी म्हणाली, "डॉक्टर, मी नाही का, पित्ताशयात खडे होते." त्याबरोबर मामांचा चेहरा उजळला आणि बुफेच्या भर रांगेत ते म्हणाले, "अहो, तुम्ही होय! इतके गोल, एकसारखे खडे मी आयुष्यात पाहिले नाहीत हो." आत्याबाईंनी गुलाबजाम परत ठेवला आणि त्या दिसेनाशा झाल्या.

वर्सोव्याला मासळी घ्यायला गेले की तीच तऱ्हा. खेकडा उन्हाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा, पाठ टकटक वाजवायची. त्यांची नेहमीची कोळीण एकदा वैतागून म्हणाली, "डागतर, म्हावरा खायाचा हाय का तपासायचा?" मामा म्हणाले, "दोन्ही." घरी कलिंगड आणलं तर ते कापण्याआधी आत काय निघणार यावर मामांचं व्याख्यान होई, आणि अंदाज चुकला तर दोष कलिंगडाचा.

पण मामांची खरी ख्याती म्हणजे त्यांचं 'झकास'. पोट ठाकठीक असलं की ते आधीच कंटाळलेले असत. "नॉर्मल. उठा," एवढंच म्हणत आणि जेल पुसायला कागद पुढे करत. मात्र कधी काही दुर्मिळ दिसलं की खुर्चीतून अर्धे उठून म्हणत, "झकास!" मग रिसेप्शनवरच्या बाईंना आत बोलावून पडदा दाखवत. आमच्या शेजाऱ्यांच्या दोन्ही किडन्या जन्मापासून खाली जुळलेल्या निघाल्या. त्यापायी त्यांना काहीही त्रास नव्हता. पण मामांचं ते 'झकास' ऐकून ते टेबलावरच मृत्युपत्राचा विचार करू लागले. मामा वाईट नव्हेत हो. बाप गिरणीत राबून गेलेला, मालवणहून आलेलं घर, शिकून डॉक्टर झालेला हा पहिलाच. आयुष्यभर तीच ती पोटं बघणाऱ्या माणसाला एखादं नवल दिसलं तर आनंद होणारच. फक्त तो आनंद आपल्या पोटावरून होऊ नये, एवढीच नातेवाइकांची इच्छा असे.

म्हणून तर मला त्रास सुरू झाला तेव्हा मी मामांना चुकवलं. त्रासही असा की सांगायची चोरी. लघवी करून आलो की छाती धडधडायची, घामाची आंघोळ, डोकं ठणकायचं, आणि थोड्या वेळानं सगळं शांत. फॅमिली डॉक्टर म्हणाले, टेन्शन. बायको म्हणाली, तुझा तो साहेब. सासूबाईंनी तर बाथरूमच्या दारातच माझी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. मग एक दिवस लघवीतून रक्त गेलं आणि आमची बोबडी वळली. दुसरीकडे सोनोग्राफी केली. लघवीच्या पिशवीत गाठ. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून खरवडून काढू, सोमवारी या. धडधडीचं मी त्यांना बोललोच नाही. मुतल्यावर भीती वाटते हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

बायकोनं मात्र मला धरून मामांकडे नेलं. तिथला रिवाज ठरलेला: आधी पिशवी भरून या, बघू, मग रिकामे होऊन या, पुन्हा बघू. आणि रिकामा होऊन आलेल्या पेशंटकडे मामा वर मान करून बघत. "चेहरा हा अवयव मी तेवढ्यापुरता तपासतो," म्हणत, "तिथून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर मोक्ष दिसतो." पहिल्या फेरीत त्यांनी गाठ मोजली. मी आत जाऊन आलो. मामांनी वर पाहिलं. मी पांढराफटक, घामानं निथळलेला, भिंतीला धरून उभा. एरवी मला 'जावईबापू, बसा' म्हणणारे मामा एकदम मालवणीत म्हणाले, "हंय बस. गप रव." दंडाला पट्टा बांधला, बीपी घेतलं, आकडा बघितला आणि मला सांगितला नाही. थोड्या वेळानं पुन्हा घेतलं; उतरलं होतं. मग विचारलं, "दर वेळी होतं?" मी मान हलवली.

त्यांनी तिथूनच सर्जनना फोन लावला. "डॉक्टर, दुर्बीण घालू नका. ही नेहमीची गाठ नव्हे. न्यूरोएंडोक्राइन आहे, ॲड्रेनलिनसारखं काहीतरी रक्तात सोडते. पिशवी आवळली की पिचकारी मारते. तुम्ही तिला डिवचलंत तर टेबलावर माणूस जाईल." सर्जन आधी चिडले, मग त्यांनी मामांनाच विचारलं, पुढे काय करायचं. पुढे रक्ताची तपासणी झाली, एमआरआय झाला आणि घाटकोपरला एक वेगळा स्कॅन. त्यात टोचलेलं औषध फक्त असल्याच पेशींना जाऊन चिकटतं आणि त्या पडद्यावर पेटतात. एक दिवा पेटणार हे माहीतच होतं. आणखी कुठे पेटतो का, म्हणजे गाठ पसरलीय का, हा प्रश्न होता. मामा त्या मशीनवाल्या डॉक्टरच्या मानेवरून वाकून बघत राहिले, त्याला चहाही पिऊ देईनात. एकच दिवा पेटला. आयुष्यात एकदाच दिसेल अशी गोष्ट मामांच्या समोर होती, ओठ शिवशिवत होते. पण तो शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. बायको म्हणाली, "मामा घाबरलाय रे." मला तेव्हा खरी भीती वाटली.

आधी काही आठवडे बीपी बांधून ठेवणाऱ्या गोळ्या, मग ऑपरेशन. गाठ सुखरूप निघाली. पुढच्या तपासणीला मी मामांच्या टेबलावर आडवा झालो. 'नॉर्मल, उठा'ची वाट बघत होतो. मामा प्रोब फिरवतायत, फिरवतायत. जेल गार पडलं. आणि मग, अगदी हळू, "झकास."

मी कोपरावर उठलो. "काय दिसलं, मामा?"

"काही नाही रे. काहीच नाही." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि रिसेप्शनवरच्या बाईंना हाक मारली. त्या धावत आल्या, पडद्याकडे बघत राहिल्या. "डॉक्टर, यात काय आहे?" मामा डोळे पुसत म्हणाले, "तेच तर बघा."

आता सेंटरच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मामांची नजर गेल्यातच जमा. मुलुंडला मुलाकडे खिडकीशी बसून असतात. मी नव्या सेंटरमध्ये तपासून घेतो. तिथली डॉक्टर मुलगी गुणी आहे, "नॉर्मल आहे सर, उठा," म्हणते. तरी मी क्षणभर पडून राहतो. मग फिल्म घेऊन मुलुंडला जातो. मामा ती उजेडाकडे धरतात, खेकडा धरायचे तशी, एक डोळा मिटून, आणि विचारतात, "कसा आसा?"

"झकास, मामा," मी म्हणतो.

ते मान हलवतात आणि बघत राहतात. फिल्म बहुतेक वेळा उलटी असते. मी सरळ करत नाही.