चार नंबरच्या दाराचं कुलूप

मी फुलाबाईच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली पँटच्या खिशात टाकली आणि मागच्या अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं गोळा करायला गेलो. एवढीच चूक. माझ्या चुकांची यादी तशी लांब आहे — एकदा चिमूरच्या गाडीला नागभीडचा बोर्ड लावून मी अर्धी बस भलत्याच गावाला नेली होती — पण डावा कान गेला तो फक्त या एका चुकीत.

आधीच सांगतो... भूत, करणी, अंगात येणं, यातलं मी काही म्हणता काही मानत नाही. आमच्या घरात या मंडळींना छप्पन सालापासून प्रवेश बंद आहे. आजोबांनी दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातलं सगळं नदीत सोडलं, आणि भुतंही त्याच पाण्यातून वाहून गेली असावीत, कारण पुढच्या दोन पिढ्यांना एकही दिसलं नाही. मी कंडक्टर होतो तेव्हा जंगलातल्या मुक्कामाला ड्रायव्हर चकव्याच्या गोष्टी रंगवून सांगायचा, आणि मी घोरायचो. म्हणून हे लिहिताना जरा लाज वाटतेय. कोणाला उत्तर सुचलं तर जरूर कळवा. फक्त "शॉक बसला असेल" असं म्हणू नका. ते डॉक्टरांचं म्हणून झालंय.

जागा सांगतो. नागभीडहून ब्रह्मपुरीच्या अंगाला निघालं आणि धानाच्या बांध्या संपल्या की उजव्या हाताला दहा खोल्यांची बैठी पिवळी इमारत आहे. समोर पडवी, मागे स्वयंपाकघर, त्यामागे अंगण, तारेचं कुंपण, मग नाला आणि नाल्यापलीकडे जंगल. इथे राहतात ती फलाटावर, बसस्टँडवर, पुलाखाली वर्षानुवर्षं काढलेली माणसं. एकेकाला एकेक खोली, आणि तीही कायमची. पिऊन आलात, भांडलात, शिव्या दिल्यात, तरी खोली जात नाही. बाहेरचे लोक म्हणतात, आधी सुधरवा, मग घर द्या. संस्था चालवणाऱ्या आमच्या ताई म्हणतात, "आधी घर. सुधरायचं की नाही ते घरात बसून ठरवू दे त्यांना." मी निवृत्तीनंतर इथे देखरेखीला लागलो. बायको म्हणाली, बरं झालं, घरात तरी देखरेख होणार नाही.

इथला एक नियम मात्र दगडावरची रेघ आहे. खोली मिळाली की माणूस स्वतः बाजारात जाऊन स्वतःच्या पसंतीचं कुलूप आणतो. दोन्ही किल्ल्या त्याच्याजवळ. ऑफिसात डुप्लिकेट नाही. आम्ही दार तीनदा वाजवायचं, "ये" म्हटलं तरच आत पाय. आणि दुसऱ्याच्या दाराला कोणी, कधी, कुठल्याही कारणाने कुलूप लावायचं नाही.

पाच नंबरमधले रामाजी दोन्ही डोळ्यांनी आंधळे, पॅसेंजर गाडीत भजनं म्हणत बारा वर्षं काढलेले. ते रोज दुपारी आपलं दार विनाकारण चार-पाचदा लावतात आणि उघडतात. मी एकदा विचारलं, "काऊन रामाजी?"

"आयकाले बरं वाटते, मेश्राम भाऊ. आपलं दार होय."

आता चार नंबर. फुलाबाई. धानोऱ्याच्या पलीकडची गोंड म्हातारी, गडचिरोलीच्या बसस्टँडवर नऊ वर्षं पडून होती. तिथे कोणी जाता जाता लाथ घालायचा, कोणी उकळता चहा अंगावर फेकायचा. दारुड्यांनी एकदा तिचं गाठोडं पेटवलं, ते विझवताना दोन्ही तळवे भाजले. आणि एकदा कोणीतरी तिला एका गोदामात कोंडलं. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांना नखं राहिली नव्हती. दारावर होती ती.

तेव्हापासून तिच्या हातात तेंदूची काठी, खालच्या टोकाला लोखंडी कडं. आधी काठी, मग बोलणं. माझा पुढचा दात तिनेच पाडलाय. मी आरमोरीच्या गाडीवर होतो, ती तिकिटाशिवाय चढली, मी दंडाला धरून खाली ढकलली. ती पडली, उठली, आणि पायरीवर उभ्या असलेल्या माझ्या तोंडात काठी घातली. रक्ताने तिकिटांचा ट्रे भरला. काही वर्षांनी मी इथे रुजू झालो तर चार नंबरच्या दारात हीच उभी. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "आला का रे कंडक्टर? बाकीचे दात हायेत ना?"

माझा कान गेला त्याच्या दोन महिने आधी मदत देणाऱ्यांकडचे एक साहेब आले होते. त्यांना फोटो हवा होता. दार न वाजवता त्यांनी चार नंबरचं दार ढकललं, आणि पुढच्या क्षणी त्यांचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. मग पत्र आलं — पुन्हा असं काही झालं तर या बाईला नागपूरला वेड्यांच्या दवाखान्यात पाठवा, खोली रिकामी करा. ताई भांडत होत्या. तेवढ्यात कळलं, मार्चअखेर दोन पाहुणे पुन्हा पाहणीला येणार.

त्या दिवशी सकाळी ताई जीप घेऊन त्यांना आणायला स्टेशनवर गेल्या. बाकीचे सगळे मोह वेचायला गेलेले. इमारतीत आम्ही तिघंच — फुलाबाई, रामाजी आणि हा शहाणा. फुलाबाई आत भात शिजवत होती. मी विचार केला, तासाभराचा तर प्रश्न आहे. पाहुणे येतील, बघतील, जातील. चार नंबरला कुलूप दिसलं की म्हणू, बाजारात गेली. बाईचं घर वाचेल. खरं सांगतो, मी तिचं घर वाचवायलाच निघालो होतो! गोदामाची गोष्ट मला माहीत होती, आणि तरी हे हात गेले. ऑफिसचं मोठं पितळी कुलूप आणलं, कडी हलकेच ओढली, कुलूप हलकेच दाबलं.

पडवीत बसलेल्या रामाजींनी मान वर केली. "कोनाचं कुलूप वाजलं ते? हे चार नंबरचं नोहे."

"उगे राहा ना रामाजी."

"भाऊ, काई उलटं तं करून नाई राह्यले?"

मी किल्ली खिशात टाकली. मागे गेलो. स्वयंपाकघराला वळसा घालतो तोच पुढून पहिला आवाज आला — थाड! तिला कळलं होतं. लोखंडी दारावर काठी. थाड! होईल शांत, मी मनाशी म्हटलं.

अंगणात ताडपत्रीवर मोह वाळत होता, आणि मोहावर काहीतरी काळं पडलेलं. मला वाटलं रामाजींचं घोंगडं वाऱ्याने दोरीवरून पडलं. आता मोहाचा वास लागणार याला, असं पुटपुटत मी ते उचलायला वाकलो. होय, वाकलो. दोन्ही हातांनी धरलं.

घोंगड्याने मान वर केली.

अस्वल माणसाला खायला येत नाही म्हणतात. ते फक्त तोंड काढून घेतं. ते दोन पायांवर उभं राहिलं आणि मला मिठी मारून खाली पाडलं. पहिल्या फटक्यात चष्मा आणि भुवईवरचं कातडं एकदमच गेलं. मग त्याने डोकं तोंडात धरलं. दात हाडावर घासल्याचा आवाज बाहेरून येत नाही, आतून येतो... अजून कधी जेवताना तो आठवतो आणि घास तसाच राहतो. कान गेला तेव्हा दुखलं नाही, नुसतं गरम वाटलं. छातीवर त्याचं वजन, तोंडावर मोहाचा आंबूस श्वास. मी ओरडत होतो म्हणे. मला वाटत होतं मी गप्प आहे.

आणि मग काठी पडली.

अस्वलाच्या पाठीवर, त्याच्या मानेवर, नाकाडावर. थाड, थाड, थाड, दम न घेता. एका डोळ्यात रक्त होतं, दुसऱ्या डोळ्याने मी पाहिलं. हिरवं लुगडं, गुडघ्याच्या वर खोचलेलं. भेगाळलेले अनवाणी पाय माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. काठी दोन्ही हातांनी डोक्यामागे नेऊन फुलाबाई मारत होती आणि गोंडीत शिव्या देत होती. अस्वल तिच्याकडे वळलं, पंजा उगारला, तिने नेमकं तोंडावर हाणलं. कडाड् असा आवाज झाला. काठी मोडली. अस्वल किंचाळलं, अगदी माणसाच्या लेकरासारखं, आणि तारेत केस अडकवत नाल्याकडे पळालं.

तिने खाली माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला जराही दया दिसली नाही. मला वाटलं, आता माझी पाळी.

मी डोळा मिटला, उघडला तेव्हा ती तिथे नव्हती. मग रामाजी भिंत चाचपत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हात काढून ओरडायला लागले. तेवढ्यात जीप आली. ताई धावत आल्या, मागे दोन्ही पाहुणे.

"फुलाबाईला बघा," मी म्हणालो. "तिला पण लागलं असेल. तिनंच मारलं अस्वलाला."

ताई पुढे पळाल्या आणि तशाच परत आल्या. "मेश्राम भाऊ, चार नंबरला कुलूप आहे. कोणाचं आहे हे कुलूप?"

किल्ली माझ्या खिशात होती. ताईंनीच हात घालून काढली, रक्ताने माखलेली. दार उघडलं तेव्हा मला जीपकडे नेत होते, ते सगळं मी या एका डोळ्याने पाहिलं. फुलाबाई आत कोपऱ्यात बसली होती. भात करपून धूर झालेला. हातात काठीचा वरचा अर्धा भाग. कडं असलेला खालचा अर्धा भाग मागच्या अंगणात, मोहाच्या ताडपत्रीवर पडला होता. फॉरेस्ट गार्डने नंतर दोन्ही तुकडे जोडून पाहिले. रेषेला रेषा बसली. खालच्या तुकड्यावर अस्वलाचे केस होते.

खोलीला खिडकी एकच, ती पुढे पडवीत, गजांची. मागच्या भिंतीला भोकसुद्धा नाही. मुंगी जायची तर तिलाही दार वाजवावं लागेल. छपरावर स्लॅब आहे.

मग मी गडचिरोलीच्या दवाखान्यात होतो तेव्हा रामाजी भेटायला आले. मी म्हटलं, ती बाहेर आली होती, कशी ते सांगा.

"बाहेर कुठी आली जी? मी दारापाशीच होतो. ती दार ठोकून राह्यली होती अन् तुमी तिकडं बोंबलून राह्यले होते. दोन्ही एका वख्ती आयकलं. मंग कडाड् झालं, अन् दोन्ही बंद."

तिने दारावर एवढे घाव घातले, तर दाराला आतून पोचे पडायला हवेत ना? पातळ पत्रा आहे, बादली आपटली तरी खड्डा पडतो. ताईंनी मला फोटो पाठवला. एकही पोचा नाही. रंगसुद्धा उडालेला नाही.

पाहुण्यांचा रिपोर्ट आला. मला भीती होती की त्यात फुलाबाईची खोली गेली असणार. पण त्या दिवशी तिने कोणाला मारल्याचं कोणी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं, तेही अस्वलाला, आणि माझ्या डोक्याचं प्रमाणपत्र डॉक्टरांनी आधीच शंकास्पद दिलेलं. रिपोर्टमध्ये दुसऱ्याला कोंडणारा एकच माणूस होता. शेवटी लिहिलं होतं, बाईची खोली कायम, देखरेख करणाऱ्याबद्दल रहिवाशांनी ठरवावं.

टाके निघाल्यावर मी गेलो. पडवीत सगळे बसले होते. डोक्याला एवढं मोठं बँडेज की रामाजी सोडून सगळे हसले. ताईंनी विषय काढला, नियम मोडलाय, ठेवायचं की नाही ते तुम्ही बोला. सगळे फुलाबाईकडे बघत होते. तिच्या मांडीवर नवी काठी होती.

मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं. तुझं घर वाचवायला गेलो होतो."

"कोंडून?"

मी बँडेज चाचपलं. मग विचारलं, "पण मागे आलीस कशी तू?"

"मी कायले येऊ? मी तं अंदर होती. तूनंच कोंडलं ना?"

"मग अस्वलाला कोणी मारलं?"

"मले का मालूम? मी दाराले मारून राह्यली होती." तिने मांडीवरची काठी फिरवली. "दाराले बी नाई. तुयं थोबाड समोर आनलं होतं, अन् त्याच्यावर हानून राह्यली होती. एकेक तुयाच नावानं."

मला त्या दिवशीची तिची नजर आठवली... घाव माझ्यासाठीच होते म्हणजे. अस्वल फक्त मधे आलं. यावर मी खूप विचार केलाय, अजून करतो, आणि कुठेच पोचत नाही.

ताईंनी हळूच विचारलं, "मग फुलाबाई, यांचं काय करायचं? ठेवायचं की जाऊ द्यायचं?"

फुलाबाईने माझं बँडेज पाहिलं, उरलेला कान पाहिला, पडलेल्या दाताची जागा पाहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "अस्वलानं बी चाखून थुकून देल्लं. आता याले दुसरीकडं कोन ठेवीन?"