ताईचं एक नंबरचं गाणं

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या वाशीम जिल्ह्याच्या हवेला एक कोरडा, खमंग, घशात किंचित खवखवणारा वास येतो. भुशाचा सोनेरी धुरळा उन्हात तरंगत राहतो आणि माणसांच्या केसांत, भुवयांत जाऊन बसतो. परवा जऊळक्याजवळ ताईच्या शेतात मी त्या धुरळ्यात उभी होते आणि मळणीवाल्याच्या ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यातून अवचित एक गाणं उसळून बाहेर आलं. नव्वदच्या दशकातलं. यंत्राची घरघर, पोत्यांची ओढाताण आणि त्या साऱ्या कोलाहलावर स्वार झालेला तो चिरपरिचित ढोलक. मी हरखून ताईकडे वळले. ती मान खाली घालून पोत्याचं तोंड शिवत होती, अगदी निवांत. तिला ते ऐकूच आलं नव्हतं.

ताई माझी थोरली बहीण. गेल्या काही वर्षांत तिचे कान हळूहळू मिटत गेले, संध्याकाळी दुकानं एकेक करून बंद व्हावीत तसे. कानाचं यंत्र लावलं की माणसांचं बोलणं थोडंफार कळतं. पण गाणं मात्र, तिच्याच शब्दांत, ‘पत्र्यावर गिट्टी वतल्यासारखं’ वाटतं. शेतात ती यंत्र काढूनच ठेवते. धूळ जाते म्हणते. खरं कारण मी विचारलेलं नाही.

आमचं बहीणपण गाण्यांवरच्या भांडणांनी बांधलेलं होतं, हे तुम्हाला कसं समजावून सांगू? रिसोडच्या आमच्या घरात फळीवर रेडिओ होता. दर आठवड्याला त्याच्यावर लोकप्रिय गाण्यांची उतरंड लागायची, तळच्या गाण्यापासून वर वर चढत एक नंबरपर्यंत. ताईचं गाणं एक, माझं दुसरं. जिचं मागे पडेल तिनं दुसरीच्या वाटणीची भांडी घासायची. त्या दशकातली माझी बरीचशी वर्षं राखेत हात घालून गेली. कारण लोकांची आवड आणि ताईची आवड एकच होती आणि माझी मुलखावेगळी.

माझं मत अजूनही बदललेलं नाही. त्या दशकातली निम्मी गाणी निव्वळ गोंगाट होती. विरहाच्या गाण्यात एवढा ढोलक, की प्रियकर रडतोय की त्याची वरात निघाली आहे, उमजू नये! हृदय हा अवयव तर त्या कवींनी इतका राबवला की बिचाऱ्याला एखाद्या कडव्यात तरी सुट्टी मिळायला हवी होती. मला आवडायची ती मंद, संकोची, आर्जवी गाणी. उतरंडीच्या तळाशी दोन आठवडे राहून कुणाच्या नकळत निघून जाणारी. ताई म्हणायची, “तुयी गानी आयकून म्हशी दूध चोरतीन वं.” तिला ठेका लागायचा. पाटा-वरवंटा हलला पाहिजे, तेच गाणं.

आम्ही दोघी वाशीमला कॉलेजात जायचो. एसटीचा पास पर्समध्ये असायचा. पण रिसोडच्या स्टँडबाहेर काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या असत आणि प्रत्येक ड्रायव्हर नवी कॅसेट लावून सवाऱ्या ओढायचा. ताई गाणं ऐकून जीप निवडायची. रिकामी एसटी समोरून निघून जायची आणि आम्ही बकरीच्या पिलाशेजारी कोंबून बसायचो, का, तर तिचं एक नंबरचं गाणं तिथं वाजत होतं. एकदा तर ती गाण्याच्या नादात मला ओढून जीपमध्ये चढली, कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकून झाल्या, आणि उतरलो तेव्हा समोर वाशीम नव्हतं, आमच्याच जिल्ह्यातलं मालेगाव होतं. आईनं कपाळावर हात मारला. “गान्यापायी गाव चुकनाऱ्या पोरी म्या पायल्या नाई माय,” म्हणाली. त्या गाण्याला एक नंबर मिळायला नको होता, असं मी परतीच्या वाटेवरही ताईला ऐकवत होते.

आता ती सगळी गाणी बोटाच्या एका स्पर्शावर हजर असतात. हवं ते, हवं तेव्हा. पण ऐकून झाल्यावर ‘कायले आवडते तुले हे?’ असं कुणावर डाफरायचं? आपल्याला न आवडणारं गाणंही कुणाच्या तरी आवडीमुळे आपलं होऊन जातं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मला ताईशी पुन्हा एकदा, एकदाच का होईना, गाण्यावरून कडाकडा भांडायचं आहे. एवढीच माझी इच्छा आणि तीच पुरी होण्यातली नाही, असं मला त्या शेतात वाटत होतं.

दुपारी निंबाखाली भाकरीचे डबे सोडले. मी ताईच्या समोर बसले, म्हणजे तिला ओठ दिसावेत, आणि सावकाश म्हणाले, “ट्रॅक्टरवर तुयं गानं लागलं होतं. मालेगावचं.”

तिचा हात थांबला. “खरंच? मंग म्हनून दाखव.”

मी? त्या गाण्याला जन्मभर नावं ठेवणारी मी? पण ओठ उघडले तर काय, शब्द न् शब्द येत होता. शेजारी मजूर बसले होते, त्यांच्यासमोर मी मोठ्यानं गाऊ लागले. ताई माझ्या ओठांवर नजर खिळवून होती आणि तिचं बोट डब्याच्या झाकणावर अचूक ठेका धरत होतं. मुखडा संपला. मी श्वास घेतला आणि थेट अंतऱ्याला हात घातला, तोच तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

“थांब ना वं,” ती म्हणाली. “बासरी संपली नाई अजून.”

मी थांबले. मळणीयंत्रही जेवणासाठी बंद होतं. ताईनं डोळे मिटले होते. मान किंचित कलली होती, बोट झाकणावर चालूच होतं. मला काहीही ऐकू येत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

मग तिनं डोळे उघडले, पुन्हा माझ्या ओठांकडे पाहिलं. “हं,” म्हणाली, “म्हन आता.”