नऊ तासांची शपथ

दुर्गाबाईच्या शेताला आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, लागून, म्हणून मला सगळं ठाऊक. गाव म्हणते ती वेडी, म्हणून तिची संत्र्याची बाग बुडाली. गावाचं तोंड कोण धरणार!

भारनियमनाची वर्षं होती ती. चांदूर बाजारकडच्या आमच्या गावात मोटरीची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. संत्र्याचं ओलीत एकट्याचं काम नाही. एकानं मोटरीपाशी बसायचं, दुसऱ्यानं झाडांच्या आळ्यांत पाणी फिरवायचं. दुर्गाबाईचे लेक-सून अकोल्याला कामाला. घरात ती अन् सहावीतली नात, आचल. रात्रीचा आठवडा आला की आचल रात्री आजीसोबत ओलिताला जायची, दिवसा वर्गात पेंगायची, अन् गुरुजी तिला बाकावर उभं करायचे.

मग शाळेत सरकारचा कागद आला. वाढत्या मुलांना रात्री नऊ तास झोप हवी. मोठ्या गुरुजींनी पालकांना बोलावून तशी शपथ घ्यायला लावली. आम्ही सगळे पुटपुटलो. सरकारी शपथ ती, तिला कोण पुसते! दुर्गाबाई मात्र उठली, आचलच्या डोक्यावर हात ठेवला अन् मोठ्यानं म्हणाली, "पोरीले नऊ घंटे निजू देईन."

झालं. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर लेकराला भोवते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी तिला बाहेर गाठलं. "अवं बाई, नुसती तोंडानं म्हनाची होती. हात कावून ठेवला?"

"मंग शपथ कशी घेतेत?" ती म्हणाली.

रात्रीचा आठवडा आला तशी तिनं आचलला घरी ठेवलं अन् एकटीच ओलिताला गेली. इकडे आळं फुटे, तिकडे मोटर बंद पडे. आमच्या घरचं माणूस मदतीला पाठवावं, तर आमचीही लाइन तेव्हाच. झाडं सुकू लागली, फळं गळू लागली. मला तिचा राग यायचा, अन् त्याहून जास्त सरकारचा. लेकरांनी झोपावं हे सांगा, जरूर सांगा, पण मग लाइन दिवसा द्या ना!

अन् वर्गात आचल पेंगतच होती. गुरुजींनी दुर्गाबाईला बोलावून झाडलं. घरी येऊन ती नातीला म्हणाली, "मी तं तुले निजवूनच जातो वं. मंग?"

"निजतो ना आजी," आचल म्हणाली. "पन तिकडे तुले इचूकाटा चावला तं? तू येतपर्यंत मले झोपच लागत नाई."

दुर्गाबाई तशीच माझ्याकडे आली. "कौशल्या, संत्रा सोडून देतो मी."

मी भांडले तिच्याशी. हातानं लावलेली, लेकरासारखी वाढवलेली झाडं ती, म्हटलं.

"झाडाच्या डोक्यावर हात नाई ठेवला मी," ती म्हणाली.

उन्हाळा लागताच, शाळा चालू असतानाच बाग तोडली. गाडी लाकडं न्यायला आली तेव्हा आचल वर्गात टक्क जागी होती, अन् दुर्गाबाई धुऱ्यावर बसून हमसून हमसून रडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.