वीतभर उंच ओटा

घाटनांदूरच्या आमच्या घराचा ओटा मी वीतभर उंच करून घेतला. एवढ्याशा गोष्टीने ज्याच्या तोंडचं पाणी पळावं असा माणूस उभ्या पृथ्वीवर एकच, आणि तो नेमका माझ्या साडूचा थोरला भाऊ निघाला.

आम्ही त्यांना दादा म्हणतो. पृथ्वी कुठं जास्त ओढते, कुठं कमी, हे मोजत हिंडायची त्यांची सरकारी नोकरी. बादलीएवढं यंत्र, आत एक स्प्रिंग, तिला टांगलेलं चिमूटभर वजन. ओढ बदलली की स्प्रिंग केसाच्या कितव्या तरी भागानं हलायची. या यंत्राला दादा 'म्हातारं' म्हणत आणि वागवतही तसंच. जीपमध्ये पुढच्या सीटवर पट्टा बांधून म्हातारं, मागं पाय दुमडून दादा. परळीत मालगाडी जाऊन जमीन निवांत होईपर्यंत ते स्वतःच श्वास रोखून बसत. धारूरच्या घाटात त्यांनी एका ऊसवाल्याला ट्रॅक्टर बंद करायला लावला आणि मोबदल्यात थर्मासमधला चहा पाजला.

"काय मोजायलाव सायेब?"

"धरणीमाय लेकराला किती ओढती ते."

"मग आमच्या म्हातारीला मोजा," ऊसवाला म्हणाला. "मला पुण्याला जाऊच देईना."

दादांचा मुक्काम आमच्याकडे, म्हणून मोजणीचं मूळ ठिकाणही आमचा ओटाच. निघताना आणि परतल्यावर अंगणात उकिडवं बसून ओट्यावरच्या तांबडी फुली मारलेल्या फरशीवर म्हातारं ठेवायचं. तिथला आकडा जुळला तरच बाहेरचं काम खरं. त्या ऊठबशीत दादांचे गुडघे असे कुरकुरत की कळ मला यायची. म्हणून ते सणाला गावी गेले तेव्हा मी गवंडी बोलावला. फुलीची फरशी अलगद काढली, ओटाभर विटा रचल्या, तीच फरशी वर बसवली. फुली तसूभर सरकू दिली नाही, याचा मला केवढा अभिमान!

दादा आले. त्यांची नजर फुलीपलीकडं कधी जातच नसे. "गुडघ्याला गावच्या तेलाचा गुण आला बघा," म्हणत त्यांनी म्हातारं ठेवलं. ओढ कमी. पुन्हा ठेवलं. कमीच.

निवृत्तीआधीची ही शेवटची मोजणी. ऑफिस म्हाताऱ्याला भंगारात काढायला टपलेलं, आणि 'अजून ठणठणीत आहे' असं दादांनी छातीठोकपणे सांगितलेलं. स्प्रिंगच थकली असेल तर अख्ख्या जिल्ह्याचे आकडे रद्द. दादा भाकरीला शिवले नाहीत. यंत्रावर उपरणं पांघरवून म्हणाले, "थकलं असंल. कुनी बी थकतंय."

मी शेजारी बसून धीर देत होतो. ओट्याची गंमत त्यांचं मन थाऱ्यावर आल्यावर सांगू, असं ठरवून!

तेवढ्यात बायको पाणी घेऊन आली. "दादा, उतरताना जपून. ओटा उंच केलाय यानी."

दादा ताडकन उठले. टेप लावली, हिशेब मांडला. वीतभर उंचीला जेवढी ओढ घटावी, बरोब्बर तेवढीच घटली होती. त्यांनी यंत्राला गाल लावला. डोळे भरून आले होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढं म्हातारं ऑफिसात जमा करून दादा निवृत्त झाले. आता येतात तेव्हा हात मोकळे असतात, आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना उमगत नाही. परवा तसेच फुलीकडं बघत बसले होते. मला गलबलून आलं. म्हटलं, "दादा, तुमच्यासाठी काही करू का?"

दादा दचकले.

"नगा भाऊ," ते म्हणाले, "तुमी काई करू लागलाव की पृथ्वी हलती."