धुतलेली बाटली

गुरुवार, १८ जानेवारी २०२४. सकाळी ५.४० ला उठले. थंडी बरीच. नळ ६.१० ते ७. दूध अर्धा लिटर, वेळेवर. संग्रहालयाच्या वैदेहीचा फोन : शनिवारी पेटी हुडकेश्वरला जाणार, मी सोबत यावं. हो म्हटलं. दुपारी झोप नाही. अभिजीतचा फोन नाही. दोन पोळ्या केल्या, एक उरली.

एवढं लिहून यमुताई पिंपळापुरे यांनी पेनाचं टोपण लावलं. पासष्ट वर्षं त्या अशीच डायरी लिहीत आल्या होत्या. नागपुरात, सदर भागातल्या कॉन्व्हेंटमध्ये तेरा वर्षांच्या असताना एका सिस्टरनं त्यांच्या हातात पहिली वही दिली आणि सांगितलं, जे घडलं ते लिही, जे वाटलं ते देवाला सांग. यमुताईंनी पहिली गोष्ट तंतोतंत पाळली. दुसरी फारशी जमली नाही.

घडलेली एक गोष्ट मात्र त्यांनी लिहिली नव्हती. मागच्या ऑगस्टच्या पानावर फक्त इतकंच होतं : ‘दवाखान्याचं सामान धुतलं. संग्रहालयाची माणसं येऊन घेऊन गेली.’

यमुताईंचे यजमान डॉक्टर कृष्णकांत यांचा गांधीबागेत एका कापडदुकानाच्या वर दवाखाना होता. एकोणचाळीस वर्षं चालला. त्या काळी पेशंट बाटली घरूनच आणत. डॉक्टर त्यात लाल मिक्श्चर भरून देत आणि बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असे. ती पट्टी घडी घालून कडेनं अशी कातरायची, की उलगडली की सारख्या अंतरावर खाचा पडायच्या. एक खाच, एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही कळायचं. कंपाउंडर सोडून गेल्यापासून हे काम यमुताईंकडे आलं. हिरव्या पडद्यामागे लाकडी स्टुलावर बसून त्या पट्ट्या कातरायच्या आणि घरून शिजवून आणलेल्या मैद्याच्या खळीनं चिकटवायच्या. त्यांची खाच कधी सूतभरही हलली नाही.

दवाखाना बंद करायच्या आठवड्यात त्यांनाच खोकला झाला. तेव्हा डॉक्टरांनी स्वतः मिक्श्चर केलं, स्वतः पट्टी कातरली आणि बाटली त्यांच्या उशाशी आणून ठेवली. औषध संपलं. बाटली कपाटात मागे राहिली. डॉक्टर गेले, त्यालाही आता चार वर्षं झाली होती. त्यांची अक्षरं चिठ्ठ्यांवर होती, सह्या बँकेच्या कागदांवर होत्या. पण त्यांनी मुद्दाम यमुताईंसाठी हातानं केलेली वस्तू तेवढी एकच होती.

मग धंतोलीत एका बंद पडलेल्या नर्सिंग होमच्या तळमजल्यावर जुन्या वैद्यकीय वस्तूंचं छोटं संग्रहालय निघालं. मुलगा अभिजीत हैदराबादहून फोनवर म्हणाला, “आई, दवाखान्याचं सामान देऊन टाक. तुझ्यामागे ते कोण सांभाळणार?” तेही खरंच होतं. घरातून बाहेर जाणारी वस्तू स्वच्छ करून द्यायची, एवढं वळण यमुताईंना आईनंही लावलं होतं आणि सिस्टरनंही. त्यांनी खल, तराजू, सुया उकळायचं भांडं, काचेच्या सिरिंज, बाटल्या, सगळं साबणाच्या कढत पाण्यात टाकलं. उशाशी ठेवलेली ती बाटलीही त्यातच गेली, हे लक्षात आलं तेव्हा बादलीच्या तळाशी पट्टीचा लगदा झाला होता. त्यांनी तो बोटांनी गोळा केला, तळहातावर पसरून पाहिला. त्यात काही राहिलं नव्हतं.

संग्रहालयाची वैदेही, पंचविशीची, चटपटीत मुलगी. तिनं नेमकी तीच बाटली उजेडात धरून विचारलं होतं, “काकू, हिच्यावर पट्टी नव्हती का?”

“नव्हती,” यमुताई म्हणाल्या होत्या.

वैदेहीनं कार्डावर लिहिलं : औषधाची बाटली. पट्टी उपलब्ध नाही.

आता ही वैदेही महिन्यातून एकदा निवडक वस्तू एका पत्र्याच्या पेटीत घालून वस्त्यावस्त्यांत नेत असे. माणसं संग्रहालयात येत नाहीत तर संग्रहालयानं जावं, असं तिचं म्हणणं. हुडकेश्वरला जुन्या नागपुरातली पुष्कळ घरं राहायला गेली आहेत, असं ती बोलता बोलता म्हणाली आणि यमुताईंनी लगेच हो म्हटलं. पट्टी कातरून दाखवणं हे निमित्त झालं. त्यांना एवढंच हवं होतं, की गांधीबागेतला एक तरी पेशंट भेटावा आणि त्यानं सांगावं, डॉक्टर असे होते. चार वर्षांत डॉक्टरांचं नाव घराबाहेरच्या कुणाच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी उरलासुरला मैदा शिजवून त्यांनी खळ केली, छोट्या डबीत भरली आणि निघाल्या.

समाजभवनासमोरच्या उन्हात वीस-पंचवीस माणसं जमली होती, बहुतेक म्हातारी. वैदेहीनं टेबलावर वस्तू मांडल्या. जाड सुईची सिरिंज वर धरताच मागून एक आजोबा म्हणाले, “हे बैलाची आहे का वं पोरी?”

“तुमचीच आहे आजोबा. लहानपणी घेतली असेल तुम्ही.”

“घेतली न. म्हनूनच बसता येत नाही अजून.”

हशा झाला. मग यमुताईंनी पट्टी कातरली, उलगडली, पेटीतून आलेल्या त्याच धुतलेल्या बाटलीवर लावली. बायकांनी माना डोलावल्या. बाटली हातोहात फिरली. शेवटी यमुताईंनी विचारलं, “गांधीबागेत डॉक्टर पिंपळापुऱ्यांकडे कुणी येत होतं का?”

एकदोघांनी नकारार्थी माना हलवल्या.

“आमचा डाक्टर इतवारीत होता,” मघाचे आजोबा म्हणाले. “पिंपळापुरे नाही आयकलं बुवा.”

यमुताईंनी कात्री म्यानात घातली. म्यान त्यांनी स्वतः शिवलेलं होतं. त्यांना एकदम घरी जावंसं वाटलं.

माणसं उठू लागली. खांबाजवळ बसलेली एक बाई मात्र बाटली हातात घेऊन तशीच बसली होती. रुख्माबाई तिचं नाव. मूळची उमरेडची, घरी हातमाग होता. नवरा गांधीबागेत लुगडी आणून विकायचा. आता लेकाकडे राहत होती.

“बाई,” ती म्हणाली, “पडद्याच्या मांगं तुम्हीच बसत होत्या का?”

“हो. हिरव्या पडद्यामागे.”

“तरीच म्हटलं. हे घडी मी पाह्यली आहे. कपड्याच्या दुकानावरतं चढाचं, जिना अंधारा.”

“डॉक्टर आठवतात?” यमुताईंनी खुर्ची जवळ ओढली.

रुख्माबाईनं बाटली मांडीवर ठेवली. “खोटं काहून बोलू? चेहरा नाही आठवत. नावबी आता तुम्ही घेतलं तवा समजलं.”

यमुताईंनी मान हलवली.

“पन एक आठवते. तुम्ही ज्या दिवशी नसा, त्या दिवशी डाक्टर सोताच पट्टी कापे. अन् काय कापे माय! एक डोस बोटभर, दुसरा नखाएवढा. आमचे मालक म्हनत, आज बाई नाही वाटते, दवाई उद्या घ्याव का? अन् माही सासू मोठा डोस सोताले ठेवे, लहान मले दे.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. यमुताईही हसल्या आणि त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

“दाखवा न बाई, कशी कापत ते.”

यमुताईंनी नवा कागद घेतला. घडी मुद्दाम तिरकी घातली, कात्री चालवली. उलगडली तर खाचा सारख्या. दुसरा कागद घेतला. डोळे मिटून कातरला. त्याही खाचा सारख्या. बोटं शेवटच्या क्षणी आपसूक सावरत होती. तिसऱ्या कागदाला रुख्माबाईनं त्यांचा हात धरला.

“राहू द्या. तुमच्याच्यानं वाकडं नाही होत.”

पेटी भरताना वैदेही बाटलीभोवती कापड गुंडाळत होती. यमुताई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, “हिच्यावर आधी पट्टी होती. त्यांनी कातरलेली. मी धुतली त्यात गेली.”

वैदेहीचे हात थांबले. “काकू, मग तेव्हा काहून नाही सांगितलं?”

“काय सांगू? एवढी शिकलेली बाई आणि पट्टीसकट बाटली घासायला बसली.”

वैदेहीनं बाटलीचं कार्ड काढून मागची बाजू वर केली, पेन्सिल घेतली. “किती डोसांची होती?”

“सहा. तिसरा सगळ्यात मोठा. पाचवा नावाला.”

तिनं तसं लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात पेटी कामठीला जाणार होती. “याल?”

“बघू,” यमुताई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी अभिजीतला फोन लावला. “आई, मीटिंगमध्ये आहे. नंतर करतो.” दिवेलागणीपर्यंत त्या फोनजवळच बसल्या. त्याचा फोन आला नाही. बाबा पट्टी कशी कातरायचे, हे त्याला सांगायचं होतं. तो फोन करीपर्यंत ते सांगण्यासारखं राहील की नाही, कोण जाणे.

मग त्यांनी गेल्या वर्षीच्या वहीतलं ऑगस्टचं पान उघडलं. चूक दुरुस्त करायची तर खोडायचं नाही, समासात लिहून तारीख घालायची, हा सिस्टरचा नियम. त्यांनी समासात लिहिलं : ‘एका बाटलीवर त्यांनी कातरलेली पट्टी होती. धुताना गेली. २०.१.२०२४.’

आजच्या पानावर हुडकेश्वरला जाणं-येणं, ऊन, हजर माणसं आणि रुख्माबाईचं नाव लिहून झालं. खाली एक ओळ शिल्लक होती. तिथे त्यांनी लिहिलं : मैदा संपला. सोमवारी पाव किलो आणायचा.