आमदारांचा फोटो आणि आमची शिडी

रविवार, सकाळ. हजर: मी, शेजारचे काका, काकू आणि त्यांच्या बैठकीतल्या भिंतीवर फ्रेममधले आमदार.

काकांचं आणि आमदारांचं नातं आमच्या शिडीवर चालतं. आमदारांवर जमिनीचा आरोप झाला तेव्हा काका शिडी घेऊन गेले आणि फोटो बैठकीतून आतल्या खोलीत गेला. चौकशीत काही निघालं नाही, फोटो बैठकीत परतला. आमदारांनी पक्ष बदलला, फोटो आत. मंत्रिपद मिळालं, फोटो बाहेर. “ताई, शिडी पाहिजे होती,” एवढंच काका म्हणतात. प्रकरण कोणतं, ते मी पेपरात पाहून घेते.

या वेळचं प्रकरण घरातलंच होतं. आमदारांच्या माणसांनी मूर्तिजापुरात काकूंच्या भावाच्या प्लॉटला तारेचं कुंपण घातलं होतं.

काकू शिडी धरून उभ्या होत्या. “उतरवा. आतल्या खोलीत नाही, माळ्यावर टाका.”

“तुह्या ऑपरेशनच्या वक्ती याच माणसानं बेड मिळवून देला,” काका वरून म्हणाले.

“म्हून माह्या भावाचा प्लॉट देऊन टाकू का त्याले?”

काकांनी बनियनच्या टोकाने काच पुसली, कलती फ्रेम सरळ केली आणि तसेच खाली उतरले. “उद्या पाहू.”

मी शिडीला हात लावला.

“राहू द्या, ताई,” काकू म्हणाल्या. “फोटो उतरल्याबिगर हालू देत नाही मी तिले.”

तेव्हापासून त्यांच्याकडे आलेला पाहुणा शिडीला वळसा घालून बसतो. आमच्या गच्चीवरची टाकी धुवायची राहिली आहे.